दुसरी टाकी

नळ एकदा खोकला, दुसऱ्यांदा जरा लांब खोकला आणि गप्प झाला. डॉक्टर यशश्री ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बेसिनशी कोपरापर्यंत साबण लावून उभ्या होत्या, दोन्ही हात वर धरलेले, आणि त्यांनी नुसती मान वळवून माझ्याकडं बघितलं. आत टेबलावर शिवकन्या नावाची तीर्थपुरीकडची पोरगी होती, पहिलटकरीण, आणि तिच्या पोटातल्या बाळाचे ठोके गेल्या वीस मिनिटांत दोनदा घसरले होते. अशा वेळी माणसानं घाबरावं. मी घाबरले नाही. खोटं कशाला सांगू, मला आतून जरा बरंच वाटलं. तीन वर्षं ज्या प्रसंगाची तयारी करून बसले होते तो एकदाचा आला होता, भर मे महिन्यात, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आणि सगळ्यांच्या देखत. "दोन मिनिटं, मॅडम," मी म्हणाले, "राखीव टाकीचा वॉल उघडते." हे वाक्य मी मनातल्या मनात किती वेळा म्हणून पाहिलं असेल, त्याची गिनती नाही.

अठरा खाटांच्या या हॉस्पिटलात मी व्यवस्थापक आहे. कागदावर व्यवस्थापक, बाकी चादरींपासून जनरेटरच्या डिझेलपर्यंत सगळं मलाच विचारतात. "आमची अरुंधती म्हणजे कामाला वाघ," असं डॉक्टर पाहुण्यांना सांगतात, आणि मी तेव्हा दुसरीकडं बघते, पण ऐकते बराबर. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीला आठव्या दिवशी नळाला पाणी येतं. इथं त्याचं कुणाला काही वाटत नाही, लोक घरच्या हळदीसुद्धा पाण्याचा दिवस बघून धरतात. पण घर वेगळं आणि दवाखाना वेगळा. तीन वर्षांमागं एका सिझरच्या मध्यातच पाणी संपलं होतं. पोट उघडं आणि नळ कोरडा. तेव्हा मी समोरच्या चहावाल्याच्या पिंपातून बादल्या भरून आणल्या, आणि एका बादलीवर चहाची पत्ती तरंगत होती. ती पत्ती मी हातानं काढली. बाई वाचली, बाळ वाचलं, डॉक्टर मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. महिनाभर डोळा लागला की ती पत्ती दिसायची. मग मी अकरा दिवस बसून आराखडा लिहिला. खाटेमागं किती पाणी, थिएटरला किती, हत्यारं उकळायला किती. भरती एकजण होतो आणि अंघोळीला पाचजण येतात, हेही धरलं. बाहेरच्या कुणा इंजिनिअरनं ते धरलं नसतं. गच्चीवर थिएटरसाठी हजार-हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या वेगळ्या बसवून घेतल्या, त्यांवर लाल रंगानं 'फक्त ऑपरेशन' लिहवून घेतलं. चौदा कलमं झाली. प्लास्टिकच्या कव्हरात घालून आराखडा भिंतीवर लावला, आणि कुणी काही विचारायला आलं की मी बोट दाखवायची, "आधी ते वाचा."

तर त्या दिवशी मी बेसिनशेजारचा राखीव टाकीचा वॉल फिरवला. बेसिनच्या नळातून नुसती हवा आली. पुन्हा फिरवला, उलटा, सुलटा. हवाही थांबली. आता मात्र मी घाबरले, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. मुख्य टाकी संपत आली होती हे मला सकाळपासून माहीत होतं, आठवा दिवस होता, दहाला पाणी यायचं होतं आणि आलं नव्हतं. उशीर तर नेहमीचाच. मी आमच्या भागाचे वॉल सोडणाऱ्या राजानंदला फोन लावला. "आवं मॅडम, पुढं सळयांचा ट्रक मेन वॉलवर चढला ना," तो म्हणाला, "समदं पाणी रस्त्यानं चाल्लंय. आज तर काय येत न्हाई, उद्याचं बी सांगता येत न्हाई." मग टँकरवाला धर्मराज, कलम अकरा. "ताई, दोन घंटे तरी लागतील. सगळं गाव मलाच फोन करून राह्यलं." प्यायच्या पाण्याचे चार जार, कलम बारा; त्यातले तीन नातेवाइकांनी सकाळीच रिकामे केले होते आणि चौथ्यात तांब्याभर पाणी उरलं होतं. डॉक्टर अजून हात वर धरून उभ्या. साबण वाळत चालला होता. "उकळलेल्या हत्यारांचा एक सेट तयार आहे, अरुंधती," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण पाण्याशिवाय मी पोट उघडणार नाही. रक्त जास्त गेलं तर पुढं काय? आणि संभाजीनगरला न्यायचं तर दीड तास. तेवढा वेळ बाळाकडं नाही." बाकावर शिवकन्याची सासू, दैवशालाबाई, पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. ती माझ्याकडं असं बघत होती की जणू पाणी माझ्याच खिशात आहे.

दोन हजार लिटर गेलं कुठं? वॉलशेजारीच खिळ्याला टाक्यांचं रजिस्टर लटकलेलं असतं. आजचं पान. टाकी १ रिकामी केली. टाकी २ रिकामी केली. वेळ ६.१०. खाली वाकडंतिकडं 'झुंबरबाई', आणि त्याखाली माझी सही. मला क्षणभर नुसता संताप आला. ही बाई! आठ वर्षांपासून इथं आया म्हणून आहे, पिंपळगाव रेणुकाईची, निरक्षर होती, मीच तिला जेवणाच्या सुट्टीत अक्षरं गिरवून दिली, ती रजिस्टर भरू शकावी म्हणून. मी "झुंबरबाई!" म्हणून अशी ओरडले की वॉर्डातली पोरं रडायला लागली. आणि ओरडता ओरडताच माझी नजर वर भिंतीवर गेली, माझ्याच अक्षरातल्या कलम सातवर. 'पाणी येण्याच्या दिवशी सकाळी सहा वाजता दोन्ही राखीव टाक्या पूर्ण रिकाम्या करून, घासून धुऊन ठेवाव्यात. रिकामं केलेलं पाणी फरशी व संडासांसाठी वापरावं.' थेंब वाया जाऊ दिला नव्हता मी. किती हुशार! पाणी यायच्या आधी सगळं रिकामं करायचं, आणि मग पाण्याची वाट बघायची. म्हणजे ज्या दिवशी पाणी येणार नाही, बरोबर त्याच दिवशी माझ्या टाक्या रिकाम्या. हे मी लिहिलं होतं. अकरा दिवस विचार करून लिहिलं होतं, आणि तीन वर्षं दर आठव्या दिवशी त्याखाली सही केली होती. सहीआधी टाक्या बघायला वर गेले नव्हते कधी, गुडघे दुखतात म्हणून.

मी बादली घेतली आणि जिना चढायला लागले. मुख्य टाकीच्या तळाला काही निघालं तर काढावं, एवढंच डोक्यात होतं. एका ठिकाणी उभं राहणं शक्यच नव्हतं. अठ्ठावन्न पायऱ्या. पहिल्या मजल्यावर माझ्या नाकाला चिंचेचा वास आला. कुठून आला कोण जाणे, तिथं तर फिनेल होतं. आई पाण्याच्या दिवशी पहाटे चारला उठायची. घरातलं प्रत्येक भांडं रिकामं करायची, हंडे, कळश्या, पिंपं, अगदी देवाचं पंचपात्रसुद्धा. शिळं पाणी घरात नको, नव्या पाण्यात शिळं मिसळायचं नाही. मग चिंचेनं घासून सगळी भांडी अंगणात ओळीनं पालथी घालायची, आणि ऊन आलं की तांबं-पितळ असं लखलखायचं की मी शाळेत जाताना मुद्दाम मागं वळून बघायची. आईसारखी स्वच्छ बाई गल्लीत नव्हती, सगळे म्हणायचे. मलाही तसंच व्हायचं होतं. झालेही. पालथ्या भांड्यांची ती ओळ मी आराखड्यात उतरवली होती आणि वर कलम सात असा आकडा घातला होता. लिहिताना एकदासुद्धा मनात आलं नाही की हा विचार माझा नाहीच, हा अंगणातला आहे. दुसऱ्या मजल्यावर दम लागला. कठड्याला धरून उभी राहिले, आणि मला दुसरं एक आठवलं. चाळीस वर्षांत आठवलं नव्हतं. अशाच एका पाण्याच्या दिवशी पाणी आलं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीतून ताप घेऊन दुपारीच घरी आले, खाटेवर पडले आणि म्हणाले, पाणी दे. घरात थेंब नव्हता. आई अंगणात गेली, एकेक भांडं उलटून बघत गेली, जणू एखाद्यात निघेल. मग शेजारच्या उषाबाईंकडं तांब्या घेऊन गेली. उषाबाईंनी पाणी दिलं, आणि हसून म्हणाल्या, "एवढी भांडी घासता वहिनी, एखादं भरूनही ठेवत जा." आई घरी आली ती रडत. तशीच तिनं अण्णांना पाणी पाजलं. पण पुढच्या पाण्याच्या दिवशी तिनं पुन्हा सगळी भांडी पालथी घातली. सगळीच्या सगळी. मी ते बघितलं होतं, दहा वर्षांची होते, आणि मला आईचा अभिमान वाटला होता की उषाबाईंचं ऐकलं नाही. आता जिन्यात मला आईची फार दया आली, आणि तिचा रागही आला, आणि खाली कुणाच्या तरी चपला वाजल्या म्हणून मी पुढं निघाले.

गच्चीवर ऊन नुसतं ओतत होतं. माझी हाक ऐकून झुंबरबाई माझ्या आधीच वर पोचली होती. पदर कमरेला खोचून ती दुसऱ्या टाकीच्या मागं वाकली होती. ते बघून माझा तोल गेला. "आता काय बघता त्यात?" मी ओरडले, "तुमच्याच हातानं रिकाम्या झाल्यात ना दोन्ही?" माझंच कलम, माझीच सही, सगळं माहीत असून मी हे बोलले. तोंडाला लागलेली सवय जात नाही. ती उठली नाही. वाकूनच म्हणाली, "आधी रागावनार न्हाई म्हना."

"झुंबरबाई, खाली पोरगी टेबलावर आहे. बोला जल्दी."

"ही भरेल हाय."

"काय?"

"ही दुसरी. भरेल हाय. म्या दोन्ही संगट कवाच रिकाम्या केल्या न्हाईत." आणि तिनं मागचा आडवा कॉक सरळ केला. पाईपातून पाणी खाली उतरत गेल्याचा आवाज मला ऐकू आला. विश्वास बसेना म्हणून मी पहिल्या टाकीवर बोटाचं पेर वाजवलं, ती ढण्ण वाजली. दुसरीवर वाजवलं. ती वाजली नाही. मी पुन्हा वाजवलं, खालपासून वरपर्यंत, आणि वरच्या वितीपर्यंत ती कुठंच वाजली नाही. बादली माझ्या हातातून कधी सुटली कळलं नाही. "किती दिवसांचं पाणी आहे हे?" माझ्या तोंडून हेच आलं. "शिळं?"

"आठच दिसांचं. पानी आलं का आधी पयली भरते. ती भरली का मंग हिला रिकामी करते, धुते आन् भरते. दोन्ही एकाच दिशी नव्या व्हत्यात, उलीसं आगंमागं. अवशीदाच्या गोळ्या बी परवा टाकल्यात." मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "आमच्या पिंपळगावात नवी घागर उंबऱ्याच्या आत आल्याबिगर जुनी पालथी घालत न्हाईत. माझ्या सासूनं पयल्याच दिशी सांगितल्तं. वाट बघायची तं भरल्या घागरीपाशी बसून बघावी."

मी तरी मीच. पाण्यातलं क्लोरीन तपासायची डबी खिशात होती. नळीत पाणी घेतलं, डबीतल्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. पिवळं झालं. फिकं होतं, पण पिवळं होतं, म्हणजे गोळ्यांचं क्लोरीन शिल्लक होतं आणि पाणी चालणार होतं. मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून खाली ओरडले, "मॅडम, पाणी घ्या!" आणि खालून नळाचा आवाज आला, भरघोस, न खोकता. उतरताना गुडघे दुखत होते की नाही, मला आठवत नाही. आठवतं ते वेगळंच. मार्चमध्ये पाणी दोन दिवस लांबलं होतं आणि थिएटरला काही कमी पडलं नव्हतं. दिवाळीतही एकदा असंच. दोन्ही वेळा मी डॉक्टरांच्या समोर ताठ मानेनं म्हणाले होते, "आराखडा म्हणजे आराखडा." दोन्ही वेळा ही बाई गुपचूप वर जाऊन कॉक सरळ करून आली होती. माझा सगळा आत्मविश्वास या एका आडव्या कॉकवर उभा होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना मुलगी झाली. पावणेतीन किलो. आधी रडलीच नाही, तेवढ्या वेळात बाहेर बाकावर दैवशालाबाईंनी माझा हात असा दाबून धरला की बांगडी वाकली. आणि मग आतून जो आवाज आला तो गच्चीपर्यंत गेला असेल. शिवकन्याला रक्तस्राव बराच झाला, डॉक्टरांना भीती होती तसाच. पाणी लागलं, खूप लागलं. नळ चालू राहिला. अडीच वाजता धर्मराज टँकर घेऊन आला आणि "आलो का न्हाई ताई बराबर?" म्हणाला, तेव्हा दुसऱ्या टाकीत अजून कमरेएवढं पाणी होतं.

तीन वाजता डॉक्टरांच्या खोलीत सगळे चहाला जमलो. दैवशालाबाई साखरेची पुडी घेऊन आल्या आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूट ठेवत माझ्यापाशी थांबल्या. "बाई, तुमच्या टाकीनं माझी नात आनली," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. डॉक्टरही म्हणाल्या, "खरंय. तीन वर्षांपूर्वी आपण चहावाल्याच्या पिंपावर होतो. आज अरुंधतीच्या आराखड्यानं दोन जीव वाचवले." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. 'त्यात काय, कामच आहे आपलं,' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ते किती सुंदर बसलं असतं! दारात झुंबरबाई फरशी पुसत होती. तिनं मान वर केली नाही. ती कधीच सांगणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. तोंडात साखर विरघळत होती आणि गप्प बसायला मला काहीसुद्धा मोजावं लागणार नव्हतं. मला ती बादलीवरची पत्ती आठवली. "आराखड्यानं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला जरा मोठाच वाटला. "आराखडा पाळला असता तर आज दोन्ही टाक्या रिकाम्या असत्या. कलम सात माझं चुकलंय. झुंबरबाईंनी ते तीन वर्षं पाळलंच नाही, म्हणून पाणी होतं." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, कप खाली ठेवला. "मग कलम बदला," त्या म्हणाल्या, "आणि झुंबरबाईंना खुर्ची द्या कुणीतरी." झुंबरबाई बसली नाही. पोछा घट्ट पिळून म्हणाली, "वल्ली फरशी हाय, कुनी चालू नगा."

वॉलची दुरुस्ती व्हायला तीन दिवस लागले. टँकरवर भागवलं, आणि त्या तीन दिवसांत मी आराखडा भिंतीवरून उतरवून नवा लिहिला. या वेळी दोन तासांत झाला, कारण झुंबरबाई सांगत होती आणि मी लिहीत होते. चौथ्या दिवशी दहाला पाणी सुटणार असा राजानंदचा फोन आला. सकाळी सहाला झुंबरबाई वरून उतरली आणि रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. तोवर मी विचारलं नव्हतं, आता विचारलं. "एवढे दिवस खोटं का लिहिलंत हो? सव्वाशे वेळा? एकदा येऊन सांगायचं होतं मला."

"आल्ते की," ती म्हणाली. "दोनदा आल्ते. तुमी भिंतीकडं बोट केलं, आधी ते वाचा म्हनल्या. मला कुठं वाचता येतं तेवढं?"

"मग रजिस्टरमध्ये तरी खरं लिहायचं."

ती हसली, थट्टेनं नाही, मलाच समजावल्यासारखं. "मॅडम, तुमी मला नाव शिकवलं, आकडे शिकवले, आन् दोनच शब्द शिकवले. 'रिकामी केली' आन् 'भरली'. 'ठेवली' कुठं शिकवलं?"

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत, या चार दिवसांत तिनं मला पुरतं ओळखलंच होतं. शेजारची खुर्ची ओढली. या वेळी ती बसली. तिचा हात ओला होता, पेन घसरत होतं. मी माझ्या पदराला तो पुसला आणि हातावर हात ठेवून ठ काढून घेतला, त्याच्यावर मात्रा, मग व, मग ली. पहिल्यांदा वेडंवाकडं आलं. दुसऱ्यांदा तिनं माझा हात बाजूला केला आणि एकटीनं लिहिलं. टाकी १ रिकामी केली. टाकी २ ठेवली. वेळ, नाव. मग रजिस्टर माझ्याकडं सरकवलं, सहीसाठी. मी पेन उघडलं, आणि बंद केलं, आणि उठले. अठ्ठावन्न पायऱ्या चढून वर गेले, पहिल्या टाकीवर बोट वाजवलं, दुसरीवर वाजवलं, आणि खाली येऊन सही केली.